पगारपत्रकाबाहेरचा कर्जदार : पश्चिम भारतातील गृहकर्जाचा इतिहास आणि स्वयंरोजगारित वर्ग

प्रस्तावना

गृहकर्जाच्या अर्जासोबत जोडावयाच्या कागदपत्रांची यादी पाहिली असता तिचे दोन रकाने आढळतात. नोकरदार अर्जदाराने अलीकडील काही महिन्यांची पगारपत्रके, नमुना १६ आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचा उतारा द्यावा, असे पहिला रकाना सांगतो. दुसऱ्या रकान्यात स्वयंरोजगारित अर्जदाराकडून दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले ताळेबंद व नफातोटा पत्रक, दुकान नोंदणीचा दाखला (ज्याला बाजारात अजूनही ‘गुमास्ता’च म्हणतात) आणि चालू खात्याचे उतारे यांची मागणी असते. कागदांची संख्या अधिक, ही तक्रार नेहमी ऐकू येते; परंतु खरा भेद कागद कोणी तयार केला यात आहे. पहिल्या रकान्यातील कागद मालकाने दिलेले असतात. दुसऱ्या रकान्यातील कागद अर्जदाराला स्वतःविषयी स्वतःच निर्माण करावे लागतात आणि म्हणूनच ते संशयाने वाचले जातात.

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाच्या अहवालानुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारित होते, १९.८ टक्के नैमित्तिक मजुरीवर होते आणि नियमित वेतन किंवा पगार मिळविणारे केवळ २१.७ टक्के होते. यातील स्वयंरोजगारितांमध्ये शेतकरी व घरच्या व्यवसायात विनावेतन राबणारे कुटुंबीयही मोजलेले आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे. तरीही पाचांपैकी एकाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेला अर्ज उरलेल्या चौघांना ‘अपवाद’ ठरवितो, ही वस्तुस्थिती इतिहासाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे. अपवाद कोण, हे संख्येने ठरलेले नाही. ते वसुलीच्या यंत्रणेने ठरविले आहे. विसाव्या शतकात पश्चिम भारतात गृहकर्जाची जी व्यवस्था उभी राहिली तिचा पाया घर हे तारण नसून पगारातून होणारी कपात हा होता, आणि पगार नसलेल्यांना घरासाठी कर्ज देण्याचे जे प्रयत्न टिकले त्या प्रत्येकाने पगारपत्रकाला काहीतरी पर्याय घडविला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पत आणि कागद

गृहकर्ज ही कल्पना मुळात पगारदारांची नव्हे. इंग्लंडमध्ये पहिली ज्ञात ‘बिल्डिंग सोसायटी’ १७७५ च्या सुमारास बर्मिंगहॅम येथे ‘गोल्डन क्रॉस’ या मद्यगृहात रिचर्ड केटली या तेथील चालकाच्या पुढाकाराने स्थापन झाली. या आरंभीच्या मंडळ्यांचे सभासद प्रायः कारागीर व छोटे व्यावसायिक होते. ठरावीक वर्गणी सर्वांनी भरावयाची, जमलेल्या पैशातून एकेकाचे घर बांधावयाचे आणि सर्वांची घरे झाली की मंडळी विसर्जित करावयाची, असा तो व्यवहार होता. आपल्याकडील भिशीशी त्याचे साम्य उघड आहे. सभासदाचे उत्पन्न किती, हे कोणी विचारीत नसे. वर्गणी वेळेवर येते की नाही, एवढेच पाहिले जाई.

आपल्या बाजारपेठांतही व्यापाऱ्याचे मोल त्याच्या ‘पती’वर ठरत असे. किर्द-खतावणी, हुंडीचा शब्द आणि पेढीचे नाव यांतून ही पत सिद्ध होई व ती जाणणारेही त्याच बाजारात बसलेले असत. तिला मर्यादा होत्या. जातीच्या व नात्याच्या वर्तुळाबाहेर ती पोहोचत नसे, आणि ज्याच्याजवळ पेढी नव्हती अशा कारागिराला किंवा शेतकऱ्याला सावकारावाचून गती नव्हती. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून आणि अवघे ३.१ टक्के सहकारी संस्थांकडून येत असल्याचे आढळले. व्यापारी बँकांचा वाटा तर ०.९ टक्के होता. जुन्या पतव्यवहाराविषयी हळहळ व्यक्त करण्यापूर्वी हे आकडे आठवावेत.

सहकारी गृहनिर्माण आणि त्याचा सभासद

मुंबई इलाख्यात मध्यमवर्गीयांच्या घराचा प्रश्न संघटितपणे प्रथम सहकारी चळवळीने हाती घेतला. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने केवळ पतपुरवठ्याच्या संस्थांना मान्यता दिली होती. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्थेची, तर १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची उभारणी केली. बंगळूरमधील १९०९ च्या संस्थेनंतरचा हा देशातील आरंभीचा आणि पुढे सर्वाधिक अनुकरण झालेला प्रयोग होय. दादर, माटुंगा, विलेपार्ले आणि पुण्याच्या पेठांबाहेरील वसाहती यांचा इतिहास त्याच्याशी जोडलेला आहे.

या संस्थांचे सभासद प्राधान्याने शिक्षित व नोकरदार मध्यमवर्गातील होते: सरकारी कचेऱ्या, रेल्वे, बँका, शाळा आणि व्यापारी कंपन्या यांत काम करणारे. हा योगायोग मानता येणार नाही. महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम भरण्याची शिस्त ज्या उत्पन्नाला सहज जुळते ते उत्पन्न म्हणजे पगार. याच काळात मुंबईच्या गिरणगावात राहणाऱ्या कामगारांनाही मासिक वेतन होते, पण ते घर घेण्याइतके नव्हते. तर बाजारातील दुकानदाराजवळ कधी कधी पुरेसा पैसा असे, पण तो पहिल्या तारखेला येत नसे. गृहनिर्माण संस्थेचा आराखडा या दोघांनाही बाहेर ठेवणारा होता. दुकानदाराने मग आपली सोय पागडीत शोधली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानंतर पागडीचा व्यवहार फोफावला. त्याची कारणे अनेक होती, परंतु दीर्घ मुदतीच्या कर्जाऐवजी रोख रकमेवर चालणारा तो घराचा बाजार होता, ही बाब अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही, असे वाटते.

कपातीचा कायदा

स्वातंत्र्योत्तर काळात नोकरदाराच्या घरासाठी जी साधने निर्माण झाली त्यांची मांडणी एकत्र केली असता एक सलग चित्र उभे राहते. १९५२ च्या कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी कायद्याखालील योजनेत घरासाठी निधीतून रक्कम उचलण्याची तरतूद आली. १९५६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घरबांधणी अग्रिमाची योजना सुरू केली. वेतन प्रदान कायदा, १९३६ याने मालकाला पगारातून कोणत्या कपाती करता येतात याची यादीच दिली होती. तीत सहकारी संस्थेची देणी होतीच, १९६४ च्या दुरुस्तीने घरबांधणीच्या कर्जाची वसुलीही समाविष्ट झाली. (नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली, कपातीच्या या तरतुदी मात्र तेथेही कायम आहेत.)

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ४९. सभासदाने करार लिहून दिला असेल तर संस्थेच्या लेखी मागणीवरून त्याच्या पगारातून कर्जाचा हप्ता कापून संस्थेकडे भरणे हे मालकावर बंधनकारक होते. महाविद्यालयीन सेवकांच्या पतसंस्था, शिक्षकांच्या पतपेढ्या, परिवहन कर्मचाऱ्यांच्या बँका या सर्वांच्या स्थैर्याचे रहस्य या एका कलमात आहे. कर्जदार प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्नच येथे उरत नाही, कारण हप्ता त्याच्या हातात पडण्यापूर्वीच वळता होतो. कर्जफेडीची ही निष्ठा आपण अनेकदा नोकरदार वर्गाच्या नैतिकतेच्या खाती जमा करतो. ती बहुतांशी कार्यालयातील वेतन लिपिकाच्या खाती जमा व्हावयास हवी.

कपातीच्या कक्षेबाहेरील माणसालाही याच यंत्रणेच्या छायेत यावे लागले, ते जामीनदाराच्या रूपाने. नागरी सहकारी बँक किंवा गावची पतसंस्था छोट्या व्यावसायिकाला कर्ज देताना दोन जामीनदार मागते आणि त्यांतील एक तरी ‘पगारदार’ असावा अशी अपेक्षा असते. या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांनी कधी ना कधी एखाद्या मेहुण्यासाठी वा शेजाऱ्यासाठी अशी सही केली असेल, आणि काहींनी तिचे परिणामही भोगले असतील. स्वयंरोजगारिताला कर्ज मिळते ते उसन्या पगारपत्रकावर, हा या प्रथेचा अर्थ आहे. ज्याच्या नात्यागोत्यात एकही नोकरदार नाही, त्याला ही वाटही बंद होते. शिक्षण आणि सरकारी नोकरी ज्या समाजगटांना उशिरा लाभली त्यांच्या बाबतीत हा अडसर दुहेरी ठरला.

तारण की पगार

१७ ऑक्टोबर १९७७ रोजी हसमुखभाई ठाकोरदास पारेख यांनी मुंबईत हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन अर्थात एचडीएफसीची स्थापना केली. आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेल्या पारेखांचे वय त्या वेळी ६६ वर्षांचे होते. त्यापूर्वी १९७० मध्ये स्थापन झालेली हुडको मुख्यतः राज्य सरकारांच्या मंडळांना व संस्थांना पैसा पुरवीत होती. राष्ट्रीयीकृत बँका घरासाठी कर्ज देण्यास नाखूश होत्या, कारण घर हा त्यांच्या दृष्टीने उत्पादक व्यवहार नव्हता. व्यक्तीला थेट दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी खासगी कंपनी हा म्हणूनच मोठा बदल होता. उतारवयात निवृत्तिवेतनाच्या पैशातून घर बांधावयाचे, हा मध्यमवर्गाचा शिरस्ता त्यामुळे मोडला आणि तिशीतील नोकरदार घराचा मालक होऊ लागला. (ही संस्था १ जुलै २०२३ रोजी आपणच स्थापन केलेल्या बँकेत विलीन झाली.)

या कर्जाला घर तारण असे. परंतु त्या काळी हे तारण प्रत्यक्षात कितपत उपयोगाचे होते? हप्ते थकले तर धनकोला दिवाणी न्यायालयात जावे लागे आणि घराचा ताबा मिळेपर्यंत वर्षे लोटत. ताब्यात घेता न येणारे तारण असल्यावर धनको कर्जदाराच्या उत्पन्नाकडे अधिकच बारकाईने पाहणार, हे ओघाने आले. नियमित उत्पन्न हेच खरे तारण आणि घर हे केवळ त्याचे निमित्त, अशी ही स्थिती होती. १९८७ च्या कायद्यान्वये ९ जुलै १९८८ रोजी राष्ट्रीय गृहनिर्माण बँक अस्तित्वात आली. पुढच्याच वर्षी तिने सुरू केलेली ‘गृहकर्ज खाते योजना’ या दृष्टीने उल्लेखनीय आहे: पाच वर्षे नियमित बचत करणाऱ्याला त्या बचतीच्या आधारे कर्जाचा हक्क मिळावा, हे तिचे तत्त्व होते. बर्मिंगहॅमच्या मंडळीशी नाते सांगणारी, आणि पगारपत्रकाऐवजी बचतपुस्तिका पुढे ठेवणारी ही कल्पना कालांतराने मागे पडली.

२००२ मध्ये ‘सरफेसी’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना मिळाला. आता घर हे खरोखरचे तारण झाले होते. तर्काने पाहता पगारपत्रकाचे महत्त्व यानंतर कमी व्हावयास हवे होते. तसे घडले नाही. एक तर २००० मध्ये स्थापन झालेल्या सिबिल या संस्थेने पुढील काही वर्षांत व्यक्तींच्या कर्जइतिहासाची नोंद ठेवण्यास आरंभ केला आणि ज्याने कधीच बँकेचे कर्ज घेतले नव्हते त्याचा इतिहासच कोरा राहिला. दुसरे असे की, अनेक छोट्या व्यावसायिकांच्या घरांची कागदपत्रे गहाणाला पुरेशी नव्हती. गावठाणातील घराला ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यापलीकडे काही नसे, आणि तो उतारा कर आकारणीचा असतो, मालकीचा नव्हे. गावठाणांचे भूमापन करून मिळकत पत्रिका देण्याची ‘स्वामित्व’ योजना येण्यास २०२० साल उजाडावे लागले.

आयकराचे त्रैराशिक

स्वयंरोजगारितांवर एक आरोप नेहमी केला जातो: ते कर चुकविण्यासाठी उत्पन्न कमी दाखवितात आणि मग कर्जाच्या वेळी तक्रार करतात. आरोपात तथ्य नाही असे नाही. परंतु कमी उत्पन्न दाखविण्याची वाट कायद्यानेच आखून दिलेली आहे, ही गोष्ट या वादात सहसा निसटते.

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४ एडी आर्थिक वर्ष २०१०-११ पासून छोट्या व्यवसायांना व्यापक स्वरूपात लागू झाले. एका मर्यादेपर्यंत उलाढाल असणाऱ्याने हिशेबाच्या वह्या न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के रक्कम नफा म्हणून दाखविली तरी ती मान्य व्हावी, असे हे कलम सांगते. डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेसाठी हे प्रमाण २०१६-१७ पासून ६ टक्के झाले. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. हेतू चांगला होता. लहान दुकानदाराची हिशेबनिसाच्या खर्चातून सुटका व्हावी, हा.

आता वर्षाला ४० लाख रुपयांची उलाढाल असलेला एखादा किराणा दुकानदार घेऊ. त्याचा खरा नफा १५ टक्के, म्हणजे ६ लाख रुपये आहे असे समजू. तो कायद्याला धरून ८ टक्क्यांनी ३ लाख २० हजार रुपये दाखवितो. बँकेने निम्मे उत्पन्न हप्त्यासाठी धरले तर दरमहा सुमारे १३,३०० रुपये होतात. ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जाला लाखामागे साधारण ९०० रुपये हप्ता पडतो; तेव्हा त्याला १५ लाखांच्या आतच कर्ज मिळेल. खऱ्या उत्पन्नावर ते पावणेअठ्ठावीस लाखांच्या घरात गेले असते. याच दुकानदाराने सर्व विक्री डिजिटल मार्गाने स्वीकारून ६ टक्के नफा दाखविला, तर त्याची पात्रता ११ लाखांवर उतरते. म्हणजे व्यवहार जितका पारदर्शक, तितके कागदावरचे उत्पन्न कमी! अधिक नफा दाखविण्यास कायद्याची मनाई नाही, हे खरे. पण तसे करावयाचे तर कर्ज हवे असल्याचा विचार तीन वर्षे आधी सुचावयास हवा, आणि त्या तीन वर्षांचा जादा कर भरावयास हवा. शिवाय वह्या ठेवण्याची सक्तीच नसल्याने बँक मागते तो ताळेबंद बहुधा कर्जाच्या अर्जापुरता तयार होतो, आणि बँकेलाही ते ठाऊक असते.

याच्या उलट टोक अमेरिकेने पाहिले. तेथे स्वयंरोजगारितांची अडचण ओळखून अर्जदाराने स्वतः नमूद केलेले उत्पन्न पडताळणीशिवाय मान्य करणारी कर्जे प्रचारात आली होती. २००० नंतरच्या तेजीत ती सर्रास पगारदारांनाही दिली गेली आणि २००८ च्या संकटानंतर त्यांना ‘खोटारड्यांची कर्जे’ हे नाव कायमचे चिकटले. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने कर्जदाराची फेडीची क्षमता तपासणे धनकोवर बंधनकारक केले. आपल्याकडेही कागद हा अंतिम पुरावा नव्हे, याची जाणीव करून देणारे प्रकरण घडले आहे: मार्च २०२१ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने नोंदविलेल्या एका गुन्ह्यात, एका मोठ्या गृहवित्त कंपनीच्या वह्यांत सुमारे २ लाख ६० हजार बनावट गृहकर्ज खाती असल्याचा आणि त्यांवर सरकारी व्याज अनुदान मागितल्याचा आरोप आहे. खऱ्याखुऱ्या फेरीवाल्याच्या अर्जात जे कागद कमी पडतात ते अस्तित्वात नसलेल्या माणसांच्या नावे मात्र पूर्ण भरले होते, असा या आरोपाचा अर्थ होतो.

पर्यायी पगारपत्रके

ज्या प्रयोगांनी या कोंडीतून वाट काढली ते एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या हेतूंनी घडले. त्यांतील सर्वांत जुना प्रयोग मुळात कर्जाचा नव्हेच. १९२८ मध्ये उडुपी येथील कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने (पुढची सिंडिकेट बँक) ‘पिग्मी’ ठेव सुरू केली. बँकेचा प्रतिनिधी रोज दारी येऊन अगदी क्षुल्लक रक्कमही जमा करून घेई. महाराष्ट्रातील नागरी बँकांनी व पतसंस्थांनी ही पद्धत इतकी आत्मसात केली की ‘पिग्मी’ हा आता मराठी शब्दच झाला आहे. पिग्मीचे पुस्तक हे रोज कमावणाऱ्याच्या उत्पन्नाची दैनंदिनी असते. तीनशे पासष्ट दिवसांपैकी किती दिवस भाजीवालीने भरणा केला, पावसाळ्यात किती खंड पडला, लग्नसराईत रक्कम किती वाढली, हे त्यात दिसते. पगारपत्रकाहून अधिक बोलका असा हा दस्तऐवज असूनही गृहकर्जाच्या अर्जाने त्याला क्वचितच पुराव्याचा दर्जा दिला.

तो दर्जा देण्याचे धैर्य अहमदाबादच्या सेवा बँकेने दाखविले. इला भट्ट यांच्या नेतृत्वाखाली १९७२ मध्ये संघटित झालेल्या स्वयंरोजगारित स्त्रियांनी १९७४ मध्ये ही सहकारी बँक स्थापन केली. सुमारे ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचे भागभांडवल दिले होते. या बँकेच्या कर्जांत घराच्या दुरुस्तीचा व बांधणीचा वाटा मोठा राहिला. अगरबत्ती वळणारी, पापड लाटणारी किंवा गोधड्या शिवणारी स्त्री घरातच काम करते. छप्पर गळले की माल भिजतो आणि त्या दिवसाची कमाई बुडते. तिच्या दृष्टीने घर हा कारखाना आहे. घर अनुत्पादक म्हणून कर्ज नाकारणाऱ्या बँकांच्या युक्तिवादाला याहून समर्पक उत्तर दुसरे नाही. महाराष्ट्रात म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये उभ्या केलेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवाना प्रथम नाकारला गेला, तो प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून. कागदाची भाषा आणि उपजीविकेचे ज्ञान यांतील अंतर तेथे उघड झाले होते.

कपातीच्या तत्त्वाचाच विस्तार करणारा प्रयोग महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने केला. बाजारातील हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर तो टोळीने काम करतो. या कायद्याने मालक आणि टोळी यांच्यामध्ये एक मंडळ आणले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची, मंडळाने कामगाराला वेतन द्यावयाचे आणि भविष्यनिर्वाह निधी वगैरे कपातींचा हिशेब ठेवावयाचा. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेली ही रचना कामगारकल्याणाच्या संदर्भात पुष्कळ चर्चिली गेली आहे. गृहकर्जाच्या इतिहासात तिचे स्थान वेगळेच आहे: अनेक मालकांचा, म्हणजे कोणाचाच नसलेला मजूर तिने कागदोपत्री ‘वेतनधारक’ केला. नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली या भागांत माथाडी कामगारांच्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या त्यामागे संघटनेचे बळ तर होतेच, शिवाय मंडळाच्या नोंदवहीतील नावही होते.

सोलापूरची विडी कामगार स्त्री या दोन टोकांच्या मध्ये उभी आहे. ती घरी बसून विड्या वळते, पाने-तंबाखू कारखानदाराकडून आणते आणि नगावर मजुरी घेते. ती कामगार की स्वतंत्र कारागीर, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कक्षेत घेतले, १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधी कायदा या उद्योगाला लागू झाला आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरखाते कामगारही ‘कर्मचारी’ असल्याचा निर्वाळा दिला. त्याचबरोबर १९७६ च्या कायद्याने विडीवरील उपकरातून कल्याण निधी निर्माण झाला होता. ओळखपत्र आणि निधीचा खातेक्रमांक, एवढे दोन कागद आता त्या स्त्रीच्या हाती होते.

या दोन कागदांच्या आधारावर नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने सोलापूरलगत कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभारली. घराची किंमत ६० हजार रुपये धरली होती. २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे आणि २० हजार त्या स्त्रीचे. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले. घर स्त्रीच्या नावावर होते, ही बाब त्या वेळच्या वृत्तपत्रांनी आवर्जून नोंदविली नसली तरी दीर्घकाळ परिणाम करणारी आहे.

याच परिसरात पुढे रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प आला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यातील १५,००० घरे देण्यात आली. या वेळी लाभार्थींत विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक आणि चालकही होते. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेने अल्प उत्पन्न गटातील लाभार्थीचे प्रतिज्ञापत्र उत्पन्नाचा पुरावा म्हणून स्वीकारले होते. अनुदानासाठी ते पुरेसे असले तरी कर्ज मंजूर करणारी संस्था आपली तपासणी वेगळी करीत असे, आणि व्याज अनुदान कर्ज मंजूर झाल्यावाचून मिळत नसे. अल्प उत्पन्न गटासाठीची ती व्याज अनुदान योजना ३१ मार्च २०२२ रोजी संपली. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही व्याजावरील अनुदान कर्जाशीच जोडलेले आहे.

दरम्यान, २०१० नंतर वाढलेल्या छोट्या गृहवित्त कंपन्यांचे अधिकारी दुकानात जाऊन बसतात, तासाभरात किती गिऱ्हाईक आले ते मोजतात, पुरवठादाराची बिले पाहतात, शेजाऱ्याला विचारतात आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधतात. व्याजदर बँकांपेक्षा बराच अधिक असतो. बाजारात बसून माणसाची पत जोखण्याची ही पद्धत नव्या नावाने परत आली आहे. फक्त आता जोखणारा त्या बाजारातला नसतो आणि त्याचा अहवाल दुसऱ्या शहरातील कोणी वाचतो. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे २०१७ पासून आणि खातेदाराच्या संमतीने बँकखात्यांची माहिती देणारी व्यवस्था २०२१ पासून त्या अहवालाला जोडली जाऊ लागली आहे. कुंभारीच्या वसाहतीतील विडी वळणाऱ्या स्त्रीला मजुरीचा हिशेब अजूनही हजार विड्यांमागे मिळतो, आणि घराची डागडुजी करावयाची झाली तर ती पहिल्यांदा बचत गटाकडे जाते.